लॉनमोवरचं पातं : तो एक बोल्ट नक्की काय धरून ठेवतो?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे छाटलेत, सगळे नाही. ऐकताना निसटतील असे आकडे इथे नीट लिहून काढले आहेत.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यासाठी अख्खा एक भाग? लॉनमोवरचं पातं बसवायचं. एक पातं, एक वायसर, एक बोल्ट. उलटं फिरवलं की निघतं, सुलटं फिरवलं की बसतं. झालं.

आता हे "झालं" म्हणून जे काम आपण कुणाच्याही गळ्यात मारतो ना, घोळ तिथेच आहे. पावसाळा लागला की सोसायटीतलं लॉन बघता बघता घोट्यापर्यंत येतं. जून ते ऑक्टोबर मोवरला सुट्टी नाही. पातं बोथट होतं, कुणीतरी ते काढून धारवाल्याकडे देतं, संध्याकाळी कुणीतरी परत बसवतं. कधी माळी, कधी वॉचमन, कधी नळ दुरुस्तीला आलेला प्लंबर, कारण पाना त्याच्याकडे असतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन ढकलत जो माणूस चालतो त्याच्या पायात असते रबरी चप्पल.

आधी एक साधं गणित करू. २१ इंची पातं, म्हणजे सुमारे ५३ सेंटीमीटर. त्याचं टोक एका फेऱ्यात जवळजवळ १.६७ मीटर जातं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरतंय, म्हणजे सेकंदाला ५०. गुणाकार केला की टोकाचा वेग येतो सेकंदाला ८३ मीटर. ताशी ३०० किलोमीटर! पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर गाडीला १०० ची मर्यादा आहे. त्याच्या तिप्पट वेगाने एक लोखंडी पट्टी आपल्या नडगीपासून हातभर अंतरावर फिरत असते. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाच्या वेगावर मिनिटाला १९,००० फूट अशी कमाल मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ९६ मीटर. यातली गंमत अशी की आपली अगदी साधी मशीनसुद्धा त्या मर्यादेपासून फार लांब नसतात.

आणि हे सगळं एका बोल्टवर.

[०४:१०] बोल्ट म्हणजे खिळा नाही

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं की बोल्ट हा खिळा आहे आणि पातं त्याला टांगलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. मग विचारही तसाच होतो: बोल्ट आत गेला, पातं पडत नाही, म्हणजे बसलं.

प्रत्यक्षात बोल्टचं काम टांगायचं नाही, दाबायचं आहे. दोन बोटांच्या चिमटीत कागद धरलाय असं समजा. कागदाला भोक नाही, खिळा नाही, तरी ओढला तर निघत नाही, कारण दाब आणि घर्षण. मोवरमध्येही तेच. इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला एक बैठक असते. बोल्ट पात्याला त्या बैठकीवर इतक्या जोराने दाबतो की दोन्ही एकजीव होऊन फिरतात. काही मॉडेलमध्ये बैठकीला खुंट्या असतात, काहींत पात्याचं भोक चांदणीच्या आकाराचं असतं, काहींत दोन बोल्ट असतात. पण मूळ तत्त्व दाबाचंच. खुंट्या मदतीला.

किती दाब? बीटेकला मशीन डिझाइनमध्ये एक सूत्र घोकलं होतं, ते इथे कामाला आलं. १० मिलिमीटर जाडीचा कोरडा बोल्ट तुम्ही ५० न्यूटन-मीटर टॉर्कने पिळलात तर दोन पृष्ठभागांत साधारण २५,००० न्यूटन दाब तयार होतो. म्हणजे अडीच टन. एक मोठी एसयूव्ही त्या पात्यावर ठेवल्यासारखं. आणि घरगुती मोवरचं इंजिन स्वतः शाफ्टवर किती जोर लावतं? ८-१० न्यूटन-मीटर. म्हणजे बोल्ट नीट पिळलेला असेल तर नुसतं गवत कापताना पातं जागचं हलायचा प्रश्नच नाही. दगडावर आपटलं तरच घसरेल, आणि ते बरंच आहे म्हणायचं. घसरलं म्हणजे धक्का थोडा तरी तिथेच जिरतो, सगळाच शाफ्टवर जात नाही.

आता माझ्या मते या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अडीच टनाचा दाब देताना तो बोल्ट ताणला जातो. रबरासारखा. पण किती? ३० मिलिमीटर लांबी धरली तर जेमतेम ०.०६ मिलिमीटर. डोक्याच्या केसाची जाडी तेवढीच असते. म्हणजे तुमचा सगळा अडीच टन दाब एका केसाएवढ्या ताणात साठवलेला आहे.

मग विचार करा, पातं आणि बैठक यांच्यामध्ये वाळलेल्या गवताचा, मातीचा किंवा गंजाचा थर राहिला तर काय होईल? बसवताना पाना घट्ट लागतो, आपलं समाधान होतं. मशीन पाच-दहा मिनिटं चाललं, थरथरलं, की मधला तो थर दबतो, त्याचा भुगा होतो. एक केसभर जरी दबला तरी बोल्टचा ताण संपला. बोल्ट जागेवर दिसतो, हाताने हलवला तर हलत नाही, पण आता तो खरोखर फक्त खिळा आहे. नंतर लोक म्हणतात, "अहो, मी चांगला घट्ट केला होता!" केलाच असणार. खोटं कुणी बोलत नाही. घट्ट केला होता, पण गवतावर.

म्हणून पातं बसवण्यातला निम्मा वेळ घासण्यात गेला पाहिजे. तारेचा ब्रश घ्या, बैठकीचा पृष्ठभाग लखलखीत करा. पात्याच्या मध्याच्या दोन्ही बाजू करा. वायसर करा. नव्या पात्याला मध्यभागी रंगाचा जाड ओघळ असेल तर तोही काढा. जुना फुटलेला वायसर "अजून चालेल" म्हणून परत घालू नका.

[१०:२५] हात घालण्याआधी

खाली हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायची. इंजिन बंद आहे हे पुरेसं नाही.

कारण असं. ढकलायच्या मोवरमध्ये पातं सरळ इंजिनाच्या शाफ्टवर असतं, मध्ये गिअर नाही, क्लच नाही. पातं हाताने फिरवलं की पिस्टन वर-खाली होतो. आणि या इंजिनला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक असतं, ते कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते. दोरी ओढून आपण नेमकं तेच तर करतो. म्हणजे आत थोडं पेट्रोल उरलेलं असताना तुम्ही पातं जोरात फिरवलंत तर तुम्ही खालच्या बाजूने दोरीच ओढताय! इंजिनने एक ठोका दिला तरी बोटांचं काम तमाम. बंद करायचं बटण ती ठिणगी अडवतं खरं, पण बटणाच्या कुजलेल्या वायरवर बोटं लावायची का, हा प्रश्न आहे. प्लगची टोपी उपटा आणि लांब वाकवून ठेवा, दोन सेकंदांचं काम.

विजेवरच्या मोवरला प्लग भिंतीतून काढा. बटण बंद करून चालणार नाही, कारण सोसायटीत कुणीतरी येता-जाता "हे कोणी बंद केलं?" म्हणून चालू करणारच. बॅटरीवर चालणारा असेल तर बॅटरी काढून दुसऱ्या खोलीत.

मग मशीन आडवं करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर आकाशाकडे. उलट्या बाजूने पाडलं तर इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं, आणि परत चालू केल्यावर सोसायटीभर पांढरा धूर. डासांच्या फवारणीची गाडी आली असं समजून लोक खिडक्या लावतात. टाकी जवळपास रिकामी असेल तेव्हाच हे काम काढावं हे उत्तम.

पातं अडवायला हात नाही, पाय नाही. लाकडाचा गुटका घ्या आणि पातं आणि पत्र्याचं कवच यांच्यामध्ये अडकवा. जाड हातमोजे घाला. बोल्ट साधा असतो, उजव्या आट्यांचा, घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. गंजून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून चहा पिऊन या. पान्याला पाईप लावून जोर काढण्याआधी हे करून बघा.

[१४:५०] उलटं का सुलटं?

आमच्या सोसायटीतला मोवर गेल्या जुलैमध्ये सर्व्हिसिंगहून परत आला. दुसऱ्याच दिवशी माळीकाका म्हणाले, "दादा, गवत नुसतं झोपतंय, कापलंच जात नाय." दुकानात फोन केला तर उत्तर आलं की इंजिनची ताकद कमी झालीय, पिस्टन रिंगा बदलाव्या लागतील, साडेचार हजार. कमिटीत यावर चर्चासुद्धा झाली! काकांनीच शेवटी मशीन आडवं करून दाखवलं. पातं उलटं बसवलेलं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत.

हे ओळखायचं कसं? मोवरचं पातं नुसती धारदार पट्टी नसते. दोन्ही टोकांना पुढच्या कडेला धार असते आणि मागची कड वर वळवलेली असते, पंखासारखी. हा पंख पंख्याचं काम करतो. खालून हवा वर ओढतो, आडवं पडलेलं गवत उभं करतो, धारेने ते कापतं, आणि तीच हवा कापलेलं गवत पिशवीकडे फेकते. म्हणून मशीन सरळ उभं असताना पंख आकाशाकडे, म्हणजे इंजिनाकडे पाहिजेत. पातं उलटं बसलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. हवा वर ओढली जात नाही, आणि धार मागे जाऊन बोथट पाठ पुढे येते. मग गवत कापलं जात नाही, झोडपलं जातं. सुपात धान्य पाखडायच्या ऐवजी त्यावर लाटणं मारल्यासारखं.

बऱ्याच पात्यांवर इंग्रजीत "ग्रास साइड" किंवा त्या अर्थाचं काहीतरी कोरलेलं असतं. ती बाजू जमिनीकडे. पण दोन पावसाळ्यांनंतर ती अक्षरं राहत नाहीत, म्हणून पंख बघायचे. आणि मशीन आडवं असताना डोकं हमखास फिरतं. खालच्या बाजूने तुम्ही बघताय, तेव्हा पंख तुमच्यापासून दूर, कवचाच्या आत वळलेले दिसले पाहिजेत. पंख तुमच्याकडे आले असतील तर पातं उलटं आहे.

वायसरचंही असंच. बऱ्याच मोवरमध्ये बोल्टखाली सपाट नव्हे, थोडा वाटीसारखा वायसर असतो. तो खरं म्हणजे स्प्रिंग आहे. मघाशी तो केसभर ताण म्हटलं ना, तो थोडा कमी-जास्त झाला तर ही वाटी सांभाळून घेते. वाटीची पोकळ बाजू पात्याकडे, फुगीर बाजू बोल्टच्या डोक्याकडे. उलटा घातला तर तो कडेने न दाबता मध्येच दाबतो. हरवला म्हणून त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले दोन सपाट वायसर घालणं हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. करू नका. बोल्टचंही तेच. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा, किंवा इंची बोल्ट असेल तर मधून निघालेल्या रेषा असतात. ते त्याच्या ताकदीचं माप आहे. कोऱ्या डोक्याचा बोल्ट तिथे नको.

पात्याचं भोक बैठकीला घट्ट जुळलं पाहिजे. भोक मोठं आहे म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलेलं पातं मी पाहिलंय. ते मध्यावर बसत नाही, आणि मध्यावर नसलेलं पातं काय करतं ते पुढे सांगतो.

[२०:३०] किती घट्ट?

मशीनच्या पुस्तिकेत टॉर्क दिलेला असतो, तोच पाळा. ढकलायच्या मोवरना साधारण ५० ते ८० न्यूटन-मीटरच्या आसपासचे आकडे दिसतात, पण मॉडेलप्रमाणे बदलतात. टॉर्क रेंच असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर?

विमानप्रवासाआधी बॅग तोलायचा हुकाचा छोटा काटा असतो ना, तो घ्या. पाना बोल्टला लावा. बोल्टच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटीमीटरवर पान्याला हुक अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की तुमचा टॉर्क झाला ४९ न्यूटन-मीटर. ३० किलो दिसले तर सुमारे ७४. टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर, याहून जास्त त्यात काही नाही. काटा थोडा चुकेल, हात थोडा वाकडा होईल, तरी "माझ्या मनगटाला कळतं" यापेक्षा हे कितीतरी चांगलं. मनगटाला कळत नाही. तरुण माणूस लांब पाना घेऊन सहज दीडपट पिळतो आणि आखूड पाना घेतलेले काका निम्म्यावर थांबतात.

आटे कोरडे ठेवायचे का तेल लावायचं, हे पुस्तिकेत लिहिलेलं असेल तसं. लिहिलं नसेल तर स्वच्छ आणि कोरडे. तेल लावलं की तोच टॉर्क देऊनही बोल्ट जास्त ताणला जातो. तुम्हाला वाटतं ५०, बोल्टला लागतात ७०. हवेवरच्या किंवा बॅटरीच्या गनने पातं आवळणाऱ्यांना तर मी मशीन देणारच नाही. सोडवायला वापरा खुशाल.

एक गोष्ट मला फार आवडते. मोवरचं पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणजे खालून, बोल्टच्या बाजूने बघितलं तर उलट दिशेने. गवताचा अडथळा पात्याला मागे रेटतो, आणि ती दिशा म्हणजे नेमकी बोल्ट घट्ट व्हायची दिशा. म्हणजे काम करताना बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळला जाण्याकडेच कल असतो. मग सैल होतो कधी? इंजिन झटक्यात थांबतं तेव्हा. शाफ्ट थांबला, पात्याला अजून फिरायचंय, आणि आता तो जोर बोल्ट सोडायच्या दिशेने. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की ढकलायच्या मोवरच्या हँडलची दांडी सोडली की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. अशा ब्रेकवाल्या मशीनमध्ये प्रत्येक वेळी थांबताना बोल्टला हा छोटा उलटा झटका बसतो. दाब पुरेसा असेल तर काही होत नाही. कमी असेल तर रोज थोडं थोडं.

याचा अर्थ ब्रेक वाईट असा काढू नका! आपल्याकडे त्या दांडीला सुतळी बांधून ठेवतात, सारखी धरायला नको म्हणून. घसरून पडलेल्या माणसाचा पाय आणि पातं यांच्यामध्ये ती दांडी एवढंच काय ते असतं. सुतळी दिसली तर कापा.

[२६:००] धार आणि तोल

धारेबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण धारवाले आपल्यापेक्षा तयार असतात. फक्त त्यांना सांगा की ही सुरी नाही. साधारण ३० अंशांचा कोन, आणि धार फक्त वरच्या बाजूने. खालची सपाट बाजू घासायची नाही. कडा निळी पडेपर्यंत ग्राइंडरवर धरली तर पोलादाचं पाणी उतरतं, मग ती धार दोन दिवसांत जाते. घरी करायचं तर कानस उत्तम. वेळ लागतो पण पातं तापत नाही. बोथट पात्याची खूण लॉनवरच दिसते: गवताची टोकं फाटल्यासारखी, दोन दिवसांनी पांढरट-तपकिरी. हरळीचं लॉन असेल तर लांबूनही कळतं.

मात्र धार लावली की तोल तपासलाच पाहिजे. एक टोक दुसऱ्यापेक्षा १० ग्रॅम हलकं झालं असं समजा. १० ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. मध्यापासून २५ सेंटीमीटरवर, मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ते १० ग्रॅम शाफ्टला जवळजवळ २५० न्यूटनने बाहेर खेचतात. २५ किलो! सिमेंटचं अर्धं पोतं शाफ्टला बांधलंय, आणि ते सेकंदाला पन्नास वेळा सगळीकडून ओढतंय. हँडल हाताला झिणझिण्या आणतं ते यामुळे. बेअरिंग जातात, कवचाला तडे जातात, आणि मघाचा तो केसभर ताण हळूहळू निघून जातो. मध्यावर न बसलेलं पातंही असंच ओढतं. फक्त तिथे १० ग्रॅम नव्हे, सगळं पातंच एका बाजूला सरकलेलं असतं.

तपासायचं भिंतीतल्या खिळ्यावर. पात्याचं मधलं भोक खिळ्यात अडकवा, पातं आडवं करून सोडा. जे टोक खाली जातं ते जड. त्या बाजूला अजून थोडं घासा, परत बघा. आडवं राहिलं की झालं.

पातं हातात आहे तोवर अजून एक बघा. सपाट भाग संपून पंख सुरू होतो तिथे धूळ आणि वाळू सतत आपटत असते, त्यामुळे पोलाद कागदासारखं पातळ होत जातं. आपल्याकडच्या मुरमाड मातीत तर लवकरच. तिथे भेग, चीर किंवा आरपार भोक दिसलं तर पातं भंगारात. आधी हातोड्याने मधोमध वाकवा, म्हणजे कुणी उचलून परत बसवणार नाही.

बसवल्यावर वाकलंय का तेही पाहायचं. एका टोकाची उंची कवचाच्या काठापासून मोजा, मग पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्या टोकाची मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पातं वाकलंय. नवं पातं बसवूनही फरक तसाच राहिला तर शाफ्टच वाकलाय. आणि दगडाला आपटल्यावर इंजिन चालूच होईना किंवा दोरी हाताला हिसका देऊ लागली, तर फ्लायव्हीलखालची मऊ धातूची छोटी चावी बहुधा कातरली गेलीय. ती मुद्दामच मऊ ठेवलेली असते, शाफ्ट वाचावा म्हणून. ती स्वस्तात बदलून होते. त्यासाठी कुणी अख्खं इंजिन खोलायला सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

सगळं बसवून झालं की दहा-पंधरा मिनिटं चालवा, थांबवा, परत प्लगची वायर काढा आणि पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. नव्या पात्याला हे जास्तच लागू.

[३३:१५] दोन प्रश्न

पहिला प्रश्न रत्नागिरीहून. आंब्याच्या बागेत खांद्यावरचा ग्रास कटर वापरतात, त्याचा नट जितका सोडवावा तितका घट्ट होतोय.

कारण त्याला उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल. मघाचाच न्याय. या मशीनचं पातं वरून बघता घड्याळाच्या उलट फिरतं, मोवरच्या विरुद्ध. मग काम करताना नट आवळला जायला हवा तर आटेही उलटे हवेत. सोडवताना गिअरच्या डोक्यावरचं भोक आणि आतल्या चकतीचं भोक एका रेषेत आणून त्यात ॲलन की घाला, म्हणजे शाफ्ट अडकतो. बसवताना पात्याचं भोक चकतीच्या उंचवट्यावर नीट चढलंय का बघा. पात्यांची भोकं २५.४ आणि २० मिलिमीटर अशी दोन्ही मिळतात. २५.४ चं पातं २० च्या चकतीवर घट्ट बसतं, हाताला भक्कम लागतं, पण मध्यावर नसतं. नटला आडवी पिन असेल तर ती दर वेळी नवी. आणि भातकापणीचं गोल दातांचं पातं लावायला अडतो म्हणून काढलेला गार्ड परत लावा. माणसं १५ मीटर लांब हवीत, गुराख्याची पोरंसुद्धा.

दुसरा प्रश्न: तुटलेल्या पात्याला वेल्डिंग करून चालेल का, आणि ऑनलाइन मिळणारं साखळीचं पातं कसं?

वेल्डिंग नाही. सांधा टिकला तरी त्याच्या शेजारचं तापलेलं पोलाद ठिसूळ होतं, तुटतं तिथून. वाकलेलं ठोकून सरळ केलेलंही नाही. नवं पातं बहुतेक वेळा एका सर्व्हिसिंगच्या खर्चात येतं. साखळीबद्दल तर स्पष्टच सांगतो. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ब्रशकटरला लावलेल्या अशाच साखळीची कडी तुटून उडाली आणि जवळच्या माणसाचा जीव गेला. त्यानंतर २०१२ मध्ये युरोपियन आयोगाने हातात धरायच्या ब्रशकटरसाठी अशा सुट्या तुकड्यांच्या धातूच्या जोडण्यांच्या विक्रीवर बंदी आणायला सांगितलं. आपल्याकडे त्या घरपोच मिळतात. साखळीत प्रत्येक कडी हा एक वेगळा सांधा आहे, आणि यातला एकही सांधा बोल्टने दाबलेला नाही, नुसता अडकवलेला आहे. तुम्ही मागवली असेल तर परत पाठवायची मुदत संपली का ते आधी बघा.